कुलूपबंद घर आणि गावाचा हक्क

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला लागले की थोड्या वेळाने गोविंदपुरम् येते. मराठी माणूस इथे येतो तो विठ्ठल-रुक्मिणीच्या दर्शनाला. तमिळ मुलखात पंढरपूरच्या वळणाचे हे देऊळ अलीकडचे, २०११ साली प्रतिष्ठा झालेले. गावातले जुने ठाणे वेगळे आहे, बोधेंद्र सरस्वतींच्या समाधीचे. नामस्मरणाचा मार्ग या भागात रुजवणारे हे आचार्य १६९२ साली इथे कावेरीकाठी समाधिस्थ झाले. पुढे समाधीची जागा वाळूखाली गेली, लोक ती विसरले. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी ती शोधून काढली आणि तंजावरच्या मराठा राजाच्या मदतीने नदीचा प्रवाह बाजूला सारून ती मोकळी केली, असे भक्तपरंपरा सांगते.

त्या कथेत एक व्यावहारिक प्रश्न आहे. एखादी जागा दुर्लक्षाने नाहीशी होत चालली, तिचा इतरांना त्रास होऊ लागला, तर ती साफ करायचा अधिकार कोणाचा? तेव्हा राजाने हुकूम दिला की काम होत असे. आज गावात पडके घर आहे, बुजत आलेली विहीर आहे, काटेरी झाडोऱ्याने भरलेला प्लॉट आहे, आणि मालक चेन्नईला, बंगळुरूला किंवा परदेशात आहे. ग्रामपंचायत त्या जागेत पाऊल टाकू शकते का? टाकलेच तर खर्च कोणी करायचा? हाच प्रश्न कोकणातल्या बंद घरांचा आहे आणि देशावरच्या ढासळत्या वाड्यांचाही. तंजावर जिल्ह्यात तो फार स्पष्ट दिसतो, म्हणून तिथूनच पाहू.

कावेरीच्या या खोऱ्यात अग्रहारांची दाटी आहे. गोविंदपुरम्पासून फार लांब नसलेले तिरुविशनल्लूर १६९३ साली तंजावरच्या शहाजीराजांनी पंडितांना दान दिले आणि ते शहाजीराजपुरम् म्हणून ओळखले जाऊ लागले. अग्रहाराची बांधणी अशी की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या सलग ओळी. पुढे ओटा, मग लांबच लांब खोल घर, मध्ये चौक, मागे विहीर आणि परसू. शेजारच्या दोन घरांमध्ये बहुधा एकच भिंत. विसाव्या शतकात नोकऱ्यांच्या मागे कुटुंबे शहरांकडे गेली आणि ओळीतली घरे एकेक करून बंद झाली.

बंद घर एकदम पडत नाही. आधी चार कौले सरकतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला खरा पाऊस, ईशान्य मोसमी. ते पाणी वाशांवर मुरते, वासे कुजतात, छप्पर चौकात बसते. मग भिंतीचा माथा उघडा पडतो, चुना आणि माती धुऊन जाते. भिंत सामायिक असली तर ओल थेट शेजाऱ्याच्या घरात उतरते. शेजारी आपले घर कितीही नीट ठेवो, पलीकडचे छप्पर शाकारायला त्याला कुलूप तोडून जाता येत नाही. माझी जागा आहे, पडू दे नाही तर राहू दे, हे म्हणणे अशा ओळीत टिकत नाही. इथे मालमत्तेची सीमा एक आहे आणि नुकसानीची दुसरी.

डासांच्या बाबतीत हे आणखी ठळक होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास फुटक्या माठात, नारळाच्या करवंटीत, टायरमध्ये साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरड्यात महिनोन् महिने टिकून पुन्हा पाणी मिळताच फुटतात. हा डास लांब उडत नाही, जन्मल्या जागेपासून फार तर शे-दोनशे मीटरच्या आसपास राहतो. म्हणजे बंद घराच्या चौकात तो पैदा झाला तर चावणार त्याच गल्लीतल्या माणसांना. सगळ्या गल्लीने पिंपे कोरडी केली आणि एका घराला कुलूप राहिले तर मेहनत वाया जाते.

आता कायद्याकडे. तमिळनाडूच्या १९९४ च्या पंचायत कायद्यातले ११० वे कलम ग्रामपंचायतीची कर्तव्ये सांगते. रस्ते, दिवे, गटारे यांच्या बरोबरीने तिथे उकिरडे हटवणे, माजलेले रान आणि फड्या निवडुंग काढणे, वापरात नसलेल्या विहिरी, रोगट तळी, डबकी, खड्डे बुजवणे अशी कामे आहेत. जवळजवळ याच शब्दांची नोंद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीतही सापडते. दोन्हींचा उगम ब्रिटिश काळातल्या कायद्यांत आहे.

त्या यादीतला निवडुंग आज वाचताना खटकतो, पण तो उगाच आलेला नाही. बाहेरून आलेल्या फड्या निवडुंगाने दक्षिणेतली गावेच्या गावे व्यापली होती. गुरांना चारा नाही, माणसांना वाट नाही अशी दशा होती. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील जातीच्या किड्याने तो फस्त केला. पंचायतीच्या कोयत्याला जे जमले नाही ते त्या किड्याने केले. निवडुंग गेला, कायद्यात मात्र राहिला. त्याची जागा आता वेड्या बाभळीने घेतली आहे. १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्यात सरपणासाठी आणलेले हे झाड पडीक जमिनीत, तळ्यांच्या पोटात, कालव्यांच्या कडेला असे काही घुसले की तमिळनाडूत ते राजकारणाचा विषय झाले.

२०१७ च्या सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने वेडी बाभूळ उपटून काढण्याचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यात खासगी जमिनीही आल्या. मालकाने मुदतीत झाडे काढावीत, नाही तर सरकारने काढावीत आणि खर्च मालकाकडून वसूल करावा, असा रोख होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने या मोहिमेला अंतरिम स्थगिती दिली. सरसकट उपटण्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास झाला आहे का, असा आक्षेप पुढे आला होता. रामनाथपुरम् भागात याच झाडाच्या कोळशावर हजारो गरीब कुटुंबे जगतात, हेही खरे. २०२२ मध्ये राज्याने आक्रमक वनस्पतींबाबत स्वतंत्र धोरण आणले. मला या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते हे: दुर्लक्षित खासगी जमीन साफ करण्याचा अधिकार सरकारला असू शकतो, हे तत्त्व फारसे वादात आले नाही. वाद झाला तो पद्धतीवर. कोणते झाड, कोणाच्या शेतातले, किती मुदत, आणि तपासणी कोणाची?

पंचायत कायद्याहूनही धारदार हत्यार या प्रांतात आधीपासून आहे. १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा हा भारतातला या विषयावरचा पहिला सर्वंकष कायदा मानला जातो आणि तमिळनाडूत तो अजून लागू आहे. इंग्लंडच्या आरोग्य कायद्यांच्या धर्तीवर त्यात उपद्रव कशाला म्हणायचे हे नोंदवले आहे: आरोग्याला घातक अवस्थेतली जागा, घाण झालेले तळे, गटार, डबके, साठलेला केरकचरा. आरोग्य अधिकाऱ्याने जागा पाहायची, मालकाला किंवा ताबेदाराला नोटीस द्यायची, मुदत द्यायची. त्याने केले नाही तर स्थानिक संस्थेने करायचे आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तमिळनाडूत डेंग्यूच्या साथीत डासांच्या अळ्या सापडलेल्या जागांच्या मालकांना दंड झाले ते याच कायद्याच्या बळावर.

तिसरी वाट फौजदारी कायद्याची. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ वे झाले आहे. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यासाठी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांना त्याखाली सशर्त आदेश काढता येतो: अमुक मुदतीत उपद्रव दूर करा, नाही तर हजर राहून तो का करू नये ते सांगा. शेजाऱ्यांवर किंवा जाणाऱ्या-येणाऱ्यांवर कोसळण्याजोगी इमारत पाडायला, दुरुस्त करायला किंवा टेकू द्यायला सांगता येते. मालकाने ऐकले नाही तर दंडाधिकारी काम करून घेऊ शकतो आणि पाडलेल्या इमारतीचे सामान किंवा मालकाची दुसरी जंगम मालमत्ता विकून खर्च वसूल करू शकतो. यासाठी पंचायतीने स्वतः हातोडा उचलायला नको. ठराव, पंचनामा आणि फोटो जोडून प्रांताकडे प्रस्ताव पाठवला की पुरे. गावच्या सरपंचाला हे माहीत असायला हवे, आणि बहुतेकदा नसते.

या कलमालाही मर्यादा आहेत. वाट, ओढा किंवा जागा सार्वजनिक आहे हेच समोरच्याने नाकारले आणि त्याच्याजवळ विश्वास ठेवण्याजोगा पुरावा निघाला, तर दिवाणी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत काम थांबते. दुसरी मर्यादा विहिरींची. या कलमाखाली कुंपण घालायला सांगता येते ते रस्त्याला किंवा सार्वजनिक जागेला लागून असलेल्या विहिरीला आणि खड्ड्याला. शेताच्या आतली बोअर त्यात बसत नाही.

ती त्रुटी काय करू शकते हे तमिळनाडूने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुचिरापल्ली जिल्ह्यातल्या मणप्पारैजवळ नडुकाट्टुपट्टी गावात दोन वर्षांचे मूल वापरात नसलेल्या बोअरमध्ये पडले. जवळजवळ चार दिवस सारा देश टीव्हीसमोर बसला होता. मूल वाचले नाही. अशा बोअरवेलसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच निर्देश दिले होते: खोदण्याआधी १५ दिवस कळवा, भोवती कुंपण घाला, सोडलेली बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती-वाळूने भरा. आणि ग्रामीण भागात देखरेख कोणाची, तर सरपंच आणि कृषी खात्याचा अधिकारी. तमिळनाडूने त्यासाठी २०१५ मध्ये पंचायतींकरता स्वतंत्र नियमही केले. कायदा होता, नियम होते, जबाबदार माणूस नेमून दिलेला होता. बोअर उघडीच राहिली.

खुद्द कुंभकोणमने याहून मोठे दुःख भोगले आहे. १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपरावर गेली आणि ९४ मुले गेली. सार्वजनिक वापराच्या इमारतींना परवाना देण्याचा, त्या तपासण्याचा कायदा राज्यात १९६५ पासून होता. म्हणून अधिकार आहे का, एवढे विचारून भागत नाही. असलेला अधिकार कामाला का लागत नाही, हे शोधले पाहिजे.

माझ्या मते पहिली अडचण मालक सापडण्याची आहे. तमिळनाडूत शेतजमिनीचा पट्टा असतो, आपल्या सातबाऱ्यासारखा. पण गावठाणातली, म्हणजे तिकडच्या भाषेत नत्तम् जागा वेगळी. तिच्यावर शेतसारा नसल्यामुळे तिच्या नोंदी तितक्या काटेकोर राहिल्या नाहीत. अग्रहारातले घर आजोबांच्या नावावर असते, आजोबांना पाच मुले, त्यांची मुले तीन देशांत. १९८० पर्यंत वंशपरंपरेचा कर्णम्, म्हणजे आपला कुलकर्णी, गावात होता. त्या पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता आणि ती गेली हे बरेच झाले. मात्र कोणत्या घराचा वारस कुठे आहे हे त्याला तोंडपाठ असे. आजच्या बदली होणाऱ्या ग्रामप्रशासन अधिकाऱ्याला ते कुठून कळणार? महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, पुढे २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. मालमत्ता पत्रक हातात आले की नोटीस कोणाच्या नावे काढायची हा पहिला प्रश्न तरी सुटेल. वारसांचा घोळ उरतोच. त्यासाठी नोटीस घराच्या दारावर डकवणे, पंचायतीच्या फलकावर लावणे आणि मुदत संपल्यावर पुढे जाणे ही पद्धत नियमांत स्पष्ट हवी.

दुसरी अडचण पैशाची. पडके घर सुरक्षित उतरवायचे तर मजूर, ट्रॅक्टर, राडारोडा टाकायला जागा असे सगळे लागते. छोट्या पंचायतीचे घरपट्टीचे उत्पन्न इतके थोडे असते की एका घराचा खर्च करून वसुलीसाठी वर्षानुवर्षे थांबणे तिला परवडत नाही. निधी नाही म्हणून कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात १९८० मध्ये ठणकावले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल आजही आधार आहे. पण निकालाने तिजोरी भरत नाही.

तिसरी अडचण बोलून दाखवायला अवघड. नोटिशीवर सही करणारा आणि ती घेणारा एकाच लग्नाच्या पंगतीला बसतात. शहरातल्या वॉर्ड अधिकाऱ्याला मालक ओळखत नाही; गावात तो अध्यक्षाचा मतदार असतो, नाही तर भाऊबंद. त्यामुळे गावातल्या सत्तेला वरच्या पायरीचा आधार द्यावा लागतो. इमारत धोकादायक आहे हे तालुक्याच्या अभियंत्याने ठरवावे, आरोग्याला घातक आहे हे आरोग्य अधिकाऱ्याने, आणि पंचायतीने फक्त अंमल करावा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ग्रामीण टाउनशिपांची पद्धत अशीच आहे. इमारत असुरक्षित असल्याचे अग्निशमन किंवा आरोग्य यंत्रणेने जाहीर करायचे, टाउनशिपने मालकाला ३० दिवसांची नोटीस द्यायची, रान आणि कचरा असेल तर ७ दिवसांची. मग काम करून खर्च थेट मालमत्ता कराच्या बिलात चढवायचा. तो बोजा जमिनीवर बसतो आणि जमीन विकायला काढली की आधी तो फेडावा लागतो. मालक शोधत फिरावे लागत नाही.

जपानने तर हा विषय अंगावर घेतला आहे. २०२३ च्या पाहणीत तिथे सुमारे ९० लाख घरे रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. तिथे घर असलेल्या छोट्या भूखंडावर कराचा आधार एक षष्ठांशापर्यंत कमी धरला जातो. म्हणून लोक कुजके घरही पाडत नसत, पाडले की कर वाढणार. २०१४ च्या कायद्याने ही गाठ सोडवली. घर धोकादायक ठरले की आधी सल्ला, मग शिफारस, आणि शिफारस मानली नाही की करसवलत गेली. त्यानंतर आदेश, आणि शेवटी नगरपालिका स्वतः पाडते. २०२३ च्या दुरुस्तीने धोकादायक होण्याच्या वाटेवर असलेली घरेही या फेऱ्यात घेतली. हातोड्याआधी कर वापरायचा हे मला फार शहाणपणाचे वाटते. आपल्याकडे मात्र पडक्या घराची घरपट्टी जवळजवळ शून्यावर येते आणि दुर्लक्ष करणे स्वस्त पडते.

महाराष्ट्रात पंचायतीला ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५३ व्या कलमाखाली सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागांवरची अतिक्रमणे काढता येतात, थकलेली पट्टी १२९ व्या कलमाखाली वसूल करता येते. मधली कडी सैल आहे. खासगी पडीक जागा साफ करण्याचा खर्च आपोआप घरपट्टीची थकबाकी ठरेल, नमुना आठवर चढेल, आणि फेडल्याशिवाय जागा दुसऱ्याच्या नावे होणार नाही, अशी सोपी आणि ठसठशीत तरतूद दोन्ही राज्यांच्या पंचायत कायद्यांत यायला हवी. माझे सगळे म्हणणे या एका तरतुदीपाशी येऊन थांबते.

ती आणताना एक कुंपण आधी घालावे लागेल. टाकून दिलेली जागा आणि गरिबाची जागा यांत अधिकाऱ्याने गल्लत करता कामा नये. ज्या झोपडीत माणूस राहतो ती कितीही मोडकी असली तरी दुर्लक्षित नाही. तिथे दुरुस्तीला मदत लागते, घरकुल लागते. विधवा म्हातारी एकटी राहते आणि परसात रान वाढले आहे, तर रोजगार हमीचे मजूर पाठवा, बिल पाठवू नका. कारवाईचा रोख असावा तो न राहणाऱ्या आणि ऐपत असणाऱ्या मालकावर. उपद्रव हटवण्याच्या नावाखाली नको असलेल्या वस्तीवर बुलडोझर चालतो, हे या देशाने पाहिले आहे. म्हणून घटनेच्या ३०० अ कलमाची अट, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही, नोटिशीच्या पहिल्या ओळीपासून पाळली पाहिजे. नोटीस, सुनावणी, अपिलाला वेळ, पाडण्याआधी पंचनामा. यातली एकही पायरी गाळली तर उरलेला अधिकारही न्यायालयात गमवावा लागतो.

काम सुरू करायला नव्या कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. तमिळनाडूत वर्षाला सहा ग्रामसभा ठरलेल्या आहेत, त्यांतली एक १५ ऑगस्टची. गोविंदपुरम्सारख्या गावाने त्या सभेत बंद घरांची, उघड्या बोअरची आणि सोडलेल्या विहिरींची यादी वाचून ठराव केला, त्याच आठवड्यात नोटिसा डकवल्या, तर महिन्याची मुदत सप्टेंबरच्या मध्याला संपते. ऑक्टोबरचा पाऊस लागायच्या आत रान काढायला, बोअर भरायला आणि कलत्या भिंतींना टेकू द्यायला चार आठवडे उरतात. कोकणातल्या आणि देशावरच्या गावांचा पाऊस जूनचा, त्यांनी यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत करावी. १ मेच्या सभेत ती पुन्हा वाचावी. गणपतीला आणि मे महिन्याच्या सुटीत जे भाऊबंद गावी येतात, त्यांच्या हाती नोटीस समक्ष द्यावी आणि पोच घ्यावी.